नुसते पाणी पुरेसे नाही!
आतड्याचा पाऊच असलेल्या रुग्णांनी शरीरातील पाणी व क्षार कसे राखावेत?

वसई, प्रतिनिधी – मोठे आतडे काढून टाकलेल्या रुग्णाला थकवा आला, घसा कोरडा पडला की घरची मंडळी पाण्याचा पेला पुढे करतात. भावना रास्त असली तरी अशा रुग्णाच्या शरीरातून पाण्याबरोबर मीठही वाहून जात असते आणि ते नुसत्या पाण्याने भरून निघत नाही. वसई-विरारसारख्या दमट हवेच्या किनारी शहरात, जेथून हजारो नोकरदार रोज लोकलने मुंबई गाठतात, तेथे याकडे दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंडाला इजा होण्यापासून हृदयाचे ठोके अनियमित होण्यापर्यंत धोके संभवतात.

पाऊच म्हणजे काय?

अल्सरेटिव्ह कोलायटिससारख्या विकारात किंवा आनुवंशिक पॉलिपच्या आजारात मोठे आतडे व गुदाशय काढावे लागते. अशा वेळी लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची दुमड घालून शरीरातच एक पिशवी तयार केली जाते व ती गुदद्वाराशी जोडली जाते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील ॲलन पार्क्स व जॉन निकोल्स यांनी १९७८ मध्ये या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली. जपानी शल्यविशारद उत्सुनोमिया यांनी १९८० मध्ये मांडलेला इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराचा पाऊच आज सर्वाधिक प्रचलित आहे.

पाऊचचे टाके भरून येईपर्यंत अनेकदा काही आठवडे ते काही महिने पोटावर तात्पुरते द्वार, म्हणजे इलिओस्टॉमी ठेवली जाते. शरीरातील पाणी कमी होण्याचा धोका याच काळात सर्वाधिक असतो. द्वार बंद केल्यानंतर तो घटतो. परंतु पूर्णपणे टळत नाही.

क्षार का घटतात?

निरोगी माणसाच्या लहान आतड्यातून दररोज सुमारे दीड ते दोन लिटर द्रव मोठ्या आतड्यात उतरतो. त्यातील बहुतेक पाणी व सोडियम तेथे शोषले जाते. मोठे आतडेच नसेल तर ही बचत थांबते. लहान आतडे कालांतराने काही प्रमाणात जुळवून घेते. तरीही पाऊच स्थिरावल्यावर दिवसातून चार ते आठ वेळा शौचास जावे लागणे सामान्य मानले जाते.

सोडियम कमी झाले की शरीर ते वाचविण्यासाठी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक अधिक स्रवते. त्याच्या प्रभावाने मूत्रपिंड सोडियम राखते, मात्र पोटॅशियम लघवीवाटे सोडून देते. मॅग्नेशियमही घटलेले असेल तर केवळ पोटॅशियमच्या गोळ्यांनी भागत नाही. आधी मॅग्नेशियमची उणीव भरून काढावी लागते.

लक्षणे ओळखा

लघवी कमी व गडद पिवळी होणे, उठून उभे राहताच भोवळ येणे, तोंड कोरडे पडणे, डोके दुखणे, पायात गोळे येणे, बोटांना मुंग्या येणे व विलक्षण अशक्तपणा ही प्रमुख लक्षणे होत. रोज सकाळी एकाच वेळी वजन करणे हा घरगुती व भरवशाचा उपाय आहे. एका दिवसात वजन एक किलोने उतरले तर शरीरातून साधारण एक लिटर पाणी गेले, असे समजावे.

काय प्यावे?

आतड्यात साखरेचा व सोडियमचा रेणू एकत्र शोषला जातो व त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते. जलसंजीवनी याच तत्त्वावर आधारलेली आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याच्या सोड्याचे द्रावण पाजून असंख्य प्राण वाचविले. भारत सरकारने २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार २०.५ ग्रॅमचे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवायचे असते. त्यात मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. उत्सर्जन फारच अधिक असल्यास डॉक्टर याहून खारट द्रावण सुचवितात. एक लिटर पाण्यात ग्लुकोज २० ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम व खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम हे त्याचे प्रमाण बनगावच्या द्रावणाच्या अगदी जवळचे आहे. ते थंड करून दिवसभर घोट घोट प्यावे. अशा काळात साधे पाणी, चहा व सरबत भरमसाट घेतल्यास उत्सर्जन उलट वाढते, म्हणून त्यांच्यावर मर्यादा घातली जाते.

दुकानातील गोड पेयांना जलसंजीवनी समजू नये. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास दिलेली मुभा काढून घेतली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहूनच खरेदी करावी. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी असते. त्यामुळे ते पूरक ठरते, पर्याय नव्हे.

आहार

मीठ घातलेली तांदळाची पेज, मऊ भात, उकडलेला बटाटा, साबुदाणा व ताक हे पदार्थ बहुतेकांना मानवतात. पिकलेले केळे पोटॅशियम देते व मल घट्ट होण्यासही मदत करते. वसईकरांना ते दारातच मिळते. जेवताना फार पाणी न पिता ते दोन जेवणांच्या मधल्या वेळात प्यावे. अतिगोड पेये, मद्य व अतितिखट पदार्थ टाळावेत. रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मीठ व पोटॅशियम वाढविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे अनिवार्य आहे.

लोकलचा प्रवास

उपनगरी गाड्यांत शौचालय नसते. विरारहून चर्चगेटपर्यंतच्या सुमारे ६० किलोमीटरच्या प्रवासात अडचण नको, म्हणून अनेक जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत. नेमकी हीच सवय घातक ठरते. प्रवासाच्या बऱ्याच आधी जलसंजीवनी घ्यावी, नाश्ता हलका ठेवावा, बाटलीत तयार द्रावण बाळगावे आणि वाटेतील कोणत्या स्थानकावर शौचालय आहे, हे हेरून ठेवावे. लोपेरामाइडसारखे औषध डॉक्टरांनी दिले असल्यास ते साधारणपणे जेवणापूर्वी अर्धा तास घेतात; मात्र ताप वा रक्तस्राव असताना ते स्वतःच्या मनाने घेऊ नये.

तपासण्या व औषधे

रक्तातील सोडियम (सामान्य पातळी १३५ ते १४५), पोटॅशियम (३.५ ते ५), मॅग्नेशियम व क्रिएटिनिन यांची तपासणी ठरावीक अंतराने करून घ्यावी. सोडियम रक्तात सामान्य दिसत असतानाही शरीरात त्याची उणीव असू शकते. अशा वेळी लघवीतील सोडियमची साधी तपासणी उपयोगी पडते. ते २० पेक्षा कमी असल्यास मिठाची कमतरता समजावी. लघवी वाढविणारी व रक्तदाबाची काही औषधे, तसेच आम्लपित्तावरील गोळ्या दीर्घकाळ चालू असल्यास त्याची कल्पना डॉक्टरांना द्यावी.

रुग्णालय केव्हा गाठावे?

सहा ते आठ तास लघवी न होणे, सतत उलट्या, छातीत धडधड, गोंधळल्यासारखे वागणे, इलिओस्टॉमीतून दिवसाला दीड-दोन लिटरहून अधिक द्रव जाणे, ताप वा रक्तासह अचानक वाढलेले शौच, अथवा पोटात कळा येऊन शौच पूर्ण थांबणे, यांपैकी काहीही आढळल्यास घरी वाट पाहू नये. शिरेवाटे सलाइन देण्याची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रिया मुंबईत झाली असली, तरी पहिला उपचार घराजवळच व्हावा. त्यासाठी मोठे आतडे काढल्याची नोंद, शस्त्रक्रियेची तारीख व चालू औषधांची यादी लिहिलेला कागद रुग्णाने सदैव खिशात ठेवावा, म्हणजे अपरिचित डॉक्टरलाही निर्णय घेण्यास विलंब लागणार नाही.