सतरा पेशंट

१९६३ साली अख्ख्या श्रीलंकेत (तेव्हाचं सिलोन) मलेरियाचे नोंदलेले पेशंट किती होते? फक्त १७. आणि १९६८-६९ या दोन वर्षांत? पाच लाखांच्या वर!

मागचं थोडं सांगतो. १९३४ मध्ये तिथे नैर्ऋत्य मान्सूनने दगा दिला. वाहत्या नद्यांची डबकी झाली, आणि तिथला मुख्य मलेरियावाला डास, ॲनाफिलीस क्युलिसिफेसीस, नेमका अशाच डबक्यांत वाढतो. तडाखा बसला तो एरवी भरपूर पावसाच्या पट्ट्याला, जिथे मलेरिया फारसा नसायचा. त्यामुळे लोकांच्या अंगात प्रतिकारशक्तीही नव्हती. काही महिन्यांत सुमारे ८०,००० माणसं गेली. त्या काळात गावोगाव डाळ वाटणाऱ्या एन. एम. परेरांना लोक 'परिप्पू महात्तया' म्हणायला लागले. परिप्पू म्हणजे डाळ. पुढे हे गृहस्थ देशाचे अर्थमंत्री झाले, पण ते असो.

१९४६ पासून घराघरांत डीडीटी फवारणं सुरू झालं आणि आकडा धाडधाड खाली आला, पार १७ वर. मग १९६४ मध्ये फवारणी थांबवली. का? 'डीडीटीवर बंदी आली म्हणून' अशी एक गोष्ट नेटवर नेहमी फिरते. ती साफ चूक आहे. अमेरिकेतली बंदी १९७२ची. इथे फवारणी थांबली ती पेशंटच उरले नाहीत म्हणून, आणि तेव्हाच्या जागतिक निर्मूलन मोहिमेचा नियमही तोच होता. फक्त त्यानंतर प्रत्येक तापकऱ्याचं रक्त तपासत राहायचं होतं. तिथे ढिलाई झाली. बग काउंट खाली आला की सपोर्ट टीममधली माणसं काढून घेणारे मॅनेजर आपण पाहिलेत, तशातलाच प्रकार! त्यात पाऊस कमी पडला, रत्नांच्या खाणींचे खड्डे डबक्यांनी भरले, आणि कामासाठी येणारी-जाणारी माणसं मलेरिया बरोबर घेऊन फिरली. डीडीटी परत आणलं, पण डास त्याला दाद देईनासे झाले आणि मॅलॅथिऑनकडे वळावं लागलं. (आपण हसायचं कारण नाही. भारतात १९६५ मध्ये लाखभर असलेले पेशंट १९७६ मध्ये ६४ लाखांवर गेले.)

मला जास्त इंटरेस्टिंग वाटतो तो पुढचा भाग, ज्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. १९८९ मध्ये मोहिमेचा कारभार कोलंबोहून प्रांतांकडे गेला. जिल्ह्याजिल्ह्यांत रीजनल मलेरिया ऑफिसर, हाताशी रक्त तपासणारी आणि डास पकडून मोजणारी माणसं. फवारणी कुठे करायची हे आता तिथल्या आकड्यांवर ठरू लागलं. दवाखाना नसलेल्या गावांत फिरती क्लिनिक्स जायची. आणि हे सगळं यादवी युद्ध चालू असताना! उत्तरेत एलटीटीईच्या ताब्यातल्या भागातही आरोग्य कर्मचाऱ्यांचं काम बऱ्यापैकी चालू राहिलं. १९९९ मध्ये अडीच लाखांवर असलेले पेशंट २००८ मध्ये हजाराच्या आत आले. देशातल्या देशात लागण झालेला शेवटचा पेशंट ऑक्टोबर २०१२ मधला. सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मलेरियामुक्तीचं प्रमाणपत्र दिलं.

१९६३ला जे झालं ते यावेळी होऊ दिलं नाही. पेशंट शून्य झाले तरी मोहीम गुंडाळली नाही. बाहेरून मलेरिया घेऊन आलेला एकेक प्रवासी शोधून काढायचा, त्याच्या आजूबाजूच्यांचं रक्त तपासायचं, तिथले डास बघायचे. कंटाळवाणं काम. बजेट मागताना दाखवायला पेशंटसुद्धा नाहीत!

पण याच डास मोजणाऱ्या माणसांना २०१६च्या अखेरीस वायव्येकडच्या मन्नारमध्ये एक नवा डास सापडला. श्रीलंकेत आधी कधीच न नोंदलेला ॲनाफिलीस स्टेफेन्सी. आपल्या मुंबईत बिल्डिंगच्या टाक्यांमध्ये वाढतो ना, तोच. क्युलिसिफेसीसला नदीची डबकी लागतात, याला शहरातली विहीर किंवा गच्चीवरची टाकी पुरते. तेव्हापासून तिथले मलेरियावाले विहिरी तपासत फिरताहेत, त्यांत डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडताहेत.