युद्धकाळातील संचलनगीते आणि त्यांची छापील स्वरलिपी

संचलनगीत म्हणजे पावलांच्या ठेक्यावर बांधलेले गीत. द्रुत संचलनात सैनिक मिनिटाला साधारण १२० पावले टाकतात. डावे-उजवे असा दोन मात्रांचा हा ठेका सुरुवातीपासून शेवटपर्यंत ढळू द्यायचा नसतो.

पहिल्या महायुद्धात ब्रिटन-अमेरिकेत अशी गाणी सुट्या छापील पानांवर विकली जात. पानावर शब्द, त्यांच्यावर पाच रेषांची स्वरलिपी आणि खाली पियानोची साथ असे. १९१२ मधले ‘इट्स अ लाँग वे टू टिपररी’ १९१४ मध्ये ब्रिटिश सैनिकांच्या तोंडी बसले. जॉर्ज कोहन यांचे ‘ओव्हर देअर’ १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरताच आले आणि त्याच्या छापील प्रती लाखांनी खपल्या. रेडिओ घरोघरी पोचलेला नव्हता. गाणे घरी आणायचे तर पान विकत घ्यायचे आणि पियानोवर वाजवायचे, अशी रीत होती.

मराठी पुस्तिकांतली ‘चाल’

महाराष्ट्रात देशभक्तिपर गाणी भरपूर छापली गेली, पण बहुतेक वेळा नुसते शब्द. प्रभातफेरीच्या किंवा मेळ्याच्या पदावर ‘चाल :’ असे लिहून पुढे एखाद्या गाजलेल्या नाट्यपदाचे पहिले दोन-तीन शब्द दिलेले असत. नाट्यसंगीत ज्यांच्या कानात होते त्यांना तेवढे पुरे. ही युक्ती स्वस्त आणि मोठी हुशारीची होती. मात्र मूळ पद विसरले गेले की नव्या गाण्याची चालही त्याच्याबरोबर गेली.

चाल कागदावर उतरवण्याचे काम पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी नेटाने केले. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला आणि १९०८ मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली आणि क्रमिक पुस्तके छापण्यासाठी छापखानाही काढला. तरीही लष्करी बँडला या पुस्तकांचा थेट उपयोग नव्हता. सा-रे-ग-म च्या लिपीत गायकासाठी एकच सुरावट लिहिलेली असते. बँडमध्ये क्लॅरिनेट, ट्रम्पेट, युफोनियम आणि ढोल यांना एकाच क्षणी वेगवेगळे काम असते आणि प्रत्येक वादकासमोर त्याच्या वाद्यापुरता कागद लागतो. शिवाय आपल्या चालीतली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, चालत्या बँडवर फारशी टिकत नाही.

‘वंदे मातरम्’ बँडवर

हा फरक १९४७ नंतर एकदम महत्त्वाचा ठरला. त्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी गेलेल्या भारतीय शिष्टमंडळाकडे वाद्यवृंदासाठी राष्ट्रगीत मागण्यात आले. हाताशी ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, वाद्यवृंदाने तिच्यावरून सराव करून ते वाजवले. ते इतके आवडले की अनेक देशांच्या प्रतिनिधींनी त्याची स्वरलिपी मागितली. काश्मीरमध्ये लढाई चालू असताना, २५ ऑगस्ट १९४८ रोजी, पंडित नेहरूंनी हा प्रसंग संविधान सभेत सांगितला. वाद्यवृंदावर आणि लष्करी बँडवर ‘जन गण मन’ अधिक खुलते, असे त्यांचे मत होते.

हे मत खोडून काढायला पुढे आले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर. भास्करबुवा बखले यांचे शिष्य आणि प्रभातच्या ‘माणूस’, ‘शेजारी’ या चित्रपटांचे संगीतकार. झिंझोटी रागातली त्यांची ‘वंदे मातरम्’ची चाल समूहाला सहज गाता येई. मुंबईतल्या बँडच्या जाणकारांची मदत घेऊन त्यांनी ती पाश्चात्त्य स्वरलिपीत बसवून घेतली आणि दिल्लीत जाऊन प्रात्यक्षिकेही दिली. शास्त्रोक्त गाणाऱ्या गवयाने बँडच्या कागदासाठी इतकी खटपट करावी, हे त्या काळात विरळाच.

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान, असे जाहीर केले. निर्णयामागे केवळ चाल नव्हती. गीताच्या आशयावरचा वाद जुना होता. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये पलुसकर ते गात असताना खुद्द अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनीच हरकत घेतली होती. पण बँडचा मुद्दा पुढे आला नसता, तर मास्टर कृष्णरावांचे हे काम बहुधा झालेच नसते.

युद्धगीते पुढे कशी पसरली

आझाद हिंद सेनेचे ‘कदम कदम बढाये जा’ कॅप्टन रामसिंह ठाकुरी यांच्या चालीवर आजही भारतीय सेनेचे बँड वाजवतात. १९६२ च्या चीन युद्धानंतर मराठीत ‘छोटा जवान’ या चित्रपटातले ‘जिंकू किंवा मरू’ घरोघरी पोचले, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत वसंत देसाईंचे. तोवर चाल पसरवायला रेडिओ आणि तबकडी होती. छापील पुस्तिकेत पूर्वीसारखेच नुसते शब्द.

बँडसाठी मात्र कागद लागतोच. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी गायलेल्या ‘ऐ मेरे वतन के लोगों’ला चाल दिली होती पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्र यांनी. २०२२ च्या ‘बीटिंग रिट्रीट’ समारंभात ‘अबाइड विथ मी’ वगळून याच गीताचा समावेश झाला आणि लष्करी बँडने ते शब्दांशिवाय, नुसत्या सुरांत वाजवले.