टाकीचा लॉग

नव्या प्लांटेड टाकीचं पाणी तपासलं की तीन आकडे हाती येतात: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. मग मित्रांचे फोन येतात, "अरे, अमोनिया 1 दाखवतोय, वाईट आहे का?" माझा प्रश्न ठरलेला: काल किती होता? लॉगमधली एकच ओळ वाचून आपण सर्व्हरचं निदान करतो का?

या आकड्यांमागचा इतिहास गमतीदार आहे. त्यात एक बाप-लेकाची जोडी आहे. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 साली केमिकल सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला. काचेच्या टाकीत सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती. वनस्पती माशांना प्राणवायू देणार, हा हिशोब बरोबर निघाला. पण जुनी पानं कुजून पाणी गढूळ झालं. मग त्यांनी गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी निवळलं.

अमोनियाचा हिशोब त्यात नव्हता. तो पुढे मुलानं मांडला (नाव त्याचंही रॉबर्टच!). रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात त्यानं दाखवलं की अमोनियाचं आधी नायट्राइट होतं, मग नायट्रेट, आणि ही दोन कामं वेगवेगळे जीवाणू करतात. 1890 च्या सुमारास विनोग्राड्स्की यांनी हे जीवाणू वेगळे काढले.

नव्या टाकीत हाच क्रम दिसतो. आधी अमोनिया चढतो, तो उतरताना नायट्राइट चढतं, शेवटी नायट्रेट. साधारण चार ते सहा आठवडे. मात्र झाडं दाट असतील तर ती अमोनिया थेट शोषतात आणि तिन्ही आकडे शून्याजवळ राहू शकतात. लगेच किटवर संशय नको! नवी पानं फुटत असतील तर उत्तमच. पानं कुजत असतील तर तोच अमोनिया परत पाण्यात येणार.

आता आमच्या भंडाऱ्याकडे या. इथे व्हॅलिस्नेरिया तलावात उगवते. गोंड राजवटीत कोहळी लोकांनी तलाव बांधले, त्यांत ढिवर मासेमारी करत आले. 1951 मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि देखभाल घसरली. गाळ साचला, बेशरम माजली, पाणवनस्पती खाणारे गवत्यासारखे मासे बाहेरून आले. देशी वनस्पती घटल्या, पाठोपाठ देशी मासेही.

या शतकात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं अर्जुनी मोरगाव भागात (1999 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात, आता गोंदियात) ढिवरांसोबत काम सुरू केलं. बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला, पावसाळ्यात हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया लावली. म्हणजे नवी प्लांटेड टाकीच, फक्त काही एकरांची! देशी मासे परतू लागले.

काय लावायचं हे कळलं ते ढिवरांतल्या जाणत्यांमुळे. कुठला मासा कुठल्या वनस्पतीत राहतो, कुठे अंडी घालतो, हे त्यांना वर्षानुवर्षं बघून ठाऊक होतं. ती माहिती कुठल्या वहीत नव्हती. पोटासाठी पोरं नागपूर-पुण्याला गेली की तीही हळूहळू जाते. मीही त्या गेलेल्यांतलाच.

असो. तर मंडळी, एक वही करा. तारीख, तीन आकडे आणि शेवटी एक ओळ: आज पानं कशी दिसताहेत.