क्षयाच्या खाटेवरची करमणूक

क्षयावर औषध नव्हते त्या काळात, म्हणजे 1940 च्या दशकापर्यंत, या रोगाच्या उपचाराचा सगळा भर मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती यांवर होता. जर्मन डॉक्टर हेर्मान ब्रेमर यांनी 1850 च्या दशकात सायलेशियातल्या ग्योर्बर्सडोर्फ या डोंगराळ खेड्यात या उपचाराचे आरोग्यधाम काढले. ब्रेमर रुग्णांना डोंगरात चालायला लावत. त्यांचेच एके काळचे रुग्ण पेटर डेटवायलर यांनी 1876 पासून फाल्केनश्टाइन येथे याच्या उलट वाट धरली. व्हरांड्यात ओळीने आरामखुर्च्या मांडायच्या आणि रुग्णाने तासन्‌तास तिथे पडून राहायचे, ही त्यांची पद्धत. पुढे युरोप-अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हीच रूढ झाली.

हवा आणि अन्न यांची सोय संस्थेला करता येई. वेळ मात्र रुग्णालाच काढावा लागे, आणि तो महिन्यांचा, पुष्कळदा वर्षांचा असे. हा वेळ लोकांनी कसा काढला, याला वैद्यकाच्या इतिहासात फारशी जागा मिळालेली नाही. पण त्या रिकाम्या वेळातून कादंबऱ्या, चित्रे आणि राग जन्माला आले, आणि रुग्णाच्या करमणुकीकडे उपचाराचा भाग म्हणून पाहण्याची रीतही तिथेच पडली.

सुरुवातीला डॉक्टरांना करमणुकीची धास्तीच वाटे. हसण्या-बोलण्याने खोकला उसळतो आणि मन उत्तेजित झाले की ताप चढतो, असा समज होता. काही आरोग्यधामांत नव्या रुग्णाला पहिले काही आठवडे वाचणे, लिहिणे, बोलणे आणि हसणेसुद्धा मना असे. अमेरिकन लेखिका बेटी मॅकडोनल्ड 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात सिएटलजवळच्या फर्लंड आरोग्यधामात दाखल झाल्या. तिथल्या या शिस्तीचे तपशीलवार वर्णन त्यांच्या ‘द प्लेग अँड आय’ (1948) या पुस्तकात आहे. ज्या जागी हसण्याला बंदी होती तिच्यावरचे हे पुस्तक विनोदी आहे आणि विनोदी असूनही तंतोतंत आहे.

शिस्त इतकी कडक नव्हती अशा ठिकाणांत स्वित्झर्लंडचे दावोस अग्रभागी होते. स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन त्या काळी क्षय समजल्या गेलेल्या फुप्फुसविकाराने आयुष्यभर आजारी होता. 1880-81 आणि 1881-82 असे दोन हिवाळे त्याने दावोसला काढले. त्याच्यासोबत पत्नी फॅनी आणि तिच्या पहिल्या लग्नाचा मुलगा लॉइड होता. लॉइड बारा-तेरा वर्षांचा होता आणि त्याच्याकडे खेळण्यातले म्हणावे असे लहानसे छापयंत्र होते. मुलगा खिळे जुळवी. स्टीव्हन्सन लाकडाच्या तुकड्यांवर चाकूने चित्रे कोरी आणि त्यांच्यासोबत छापायला छोटी पद्ये लिही. या कारखान्यातून ‘मॉरल एम्ब्लेम्स’सारख्या इवल्याशा पुस्तिका निघाल्या आणि त्या तिथे राहणाऱ्या इतर रुग्ण-पाहुण्यांना काही पेन्सना विकल्या गेल्या. हॉटेलातल्या जलशांचे कार्यक्रमपत्रकही लॉइड छापून देई. माळ्यावर जमिनीवर खडूने नकाशा आखून शिशाच्या शिपायांची लढाईही चाले. त्यात मुलाइतकाच पुरुषही रंगून जाई.

या खेळांना फावल्या वेळातला चाळा म्हणून बाजूला ठेवता येत नाही, कारण ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी अशाच खेळातून आली. 1881 च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी हवा पावसाळी आणि गार होती, तेव्हा आजारी स्टीव्हन्सनला घरातच राहावे लागले. लॉइड रंगपेटी घेऊन चित्रे काढत बसे. त्याच्यासोबत बसून स्टीव्हन्सनने एका बेटाचा नकाशा रंगवला आणि त्या नकाशावरून त्याला गोष्ट सुचली. रोज एक प्रकरण लिहून तो घरच्यांना वाचून दाखवू लागला. खलाशाच्या पेटीत काय काय निघाले याची यादी त्याच्या वडिलांनी करून दिली. पंधराएक प्रकरणे झाल्यावर लेखणी अडली. दावोसला पोहोचल्यावर ती पुन्हा चालू लागली आणि कादंबरी तिथेच पुरी झाली. 1883 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. स्टीव्हन्सनचे बालपणही असेच अंथरुणात गेले होते. अॅलिसन कनिंगहॅम नावाची दाई त्याच्या उशाशी बसून त्याला गोष्टी वाचून दाखवी. ‘अ चाइल्ड्स गार्डन ऑफ व्हर्सेस’ (1885) हा बालकवितांचा संग्रह त्याने तिलाच अर्पण केला. आजारी मूल पांघरुणाच्या घड्यांवर शिपाई चालवते, अशी एक कविता त्यात आहे.

दावोसलाच 1912 मध्ये जर्मन कादंबरीकार टोमास मान आला. पत्नी कात्या तिथे उपचार घेत होती आणि तो तिला भेटायला तीन आठवडे राहिला. 1924 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डेअर त्साउबरबेर्ग’ या त्याच्या कादंबरीत आरोग्यधामाचे चालक रुग्णांसाठी ग्रामोफोन घेतात. नायक हान्स कास्टोर्प त्या यंत्राचा ताबाच घेतो आणि सगळे निजल्यावर एकटा तबकड्या ऐकत बसतो. एव्हाना करमणूक पुरवणे हे आरोग्यधामाचे काम मानले जाऊ लागले होते, हे त्या प्रसंगावरून कळते.

ग्रामोफोन दिवाणखान्यात असे. तो ऐकायला उठून जावे लागे. रेडिओने ही अडचण सोडवली. खाटेशी टांगलेला हेडफोन कानाला लावला की शरीर न हलवता आणि शेजाऱ्याची झोप न मोडता नाटक, गाणे, सामन्याचे वर्णन ऐकता येई. विश्रांतीच्या कडक नियमांत बसणारी ही पहिली करमणूक होय. 1925 मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क काउंटी हॉस्पिटलात खाटांपर्यंत तारा ओढून हेडफोन बसवले गेले. रुग्णालयापुरता चालणारा रेडिओ ही ब्रिटनमध्ये पुढे स्वयंसेवकांच्या बळावर वाढलेली परंपरा तिथूनच मोजली जाते.

ऐकण्याकडून करण्याकडे जाण्याचे पाऊल इंग्लंडमधल्या मिडहर्स्ट येथे पडले. 1906 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या किंग एडवर्ड सातवे आरोग्यधामात 1938 मध्ये एड्रियन हिल हा चित्रकार क्षयाचा रुग्ण म्हणून आला. पहिल्या महायुद्धात आघाडीवर जाऊन त्याने सरकारसाठी युद्धचित्रे काढली होती. आता त्याच्या आवाक्यात होते ते उशाशी ठेवलेल्या टेबलावरचे सामान. त्याने तेच काढायला घेतले. प्रकृती सुधारत गेली तसे त्याच्या ध्यानात आले की हाताला आणि डोळ्याला काम मिळाले की मन आजाराभोवती घुटमळायचे थांबते. पुढे तिथे व्यवसायोपचार सुरू झाला, तेव्हा इतर रुग्णांना चित्रकला शिकवण्याचे काम हिलकडे आले. युद्धात जखमी होऊन आलेले सैनिकही त्याच्याकडे शिकले. अनेकांनी त्याआधी कधी कुंचला धरलेला नव्हता. या प्रयोगाला त्याने 1942 मध्ये ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिले आणि 1945 मध्ये त्यावर ‘आर्ट व्हर्सेस इलनेस’ हे पुस्तक लिहिले.

ज्यांना चित्र काढणे जमत नव्हते त्यांच्यासाठी हिलने दुसरी सोय केली. ब्रिटिश रेडक्रॉसच्या मदतीने प्रसिद्ध चित्रांच्या प्रतिकृती रुग्णालयांना उसन्या देण्याची योजना निघाली. ठरावीक मुदतीने चित्रे बदलत आणि कोणी तरी येऊन त्यांविषयी बोले. समोर चित्र असले की रुग्ण एकमेकांशी थुंकीच्या तपासणीऐवजी चित्राबद्दल बोलू लागत, आणि हिलला ही गोष्ट फार मोलाची वाटे. या योजनेत स्वयंसेवक म्हणून काम केलेला एडवर्ड अॅडमसन पुढे नेदर्न येथील मनोरुग्णालयात हेच काम घेऊन गेला.

भारतात आरोग्यधामांचा आरंभ विसाव्या शतकात झाला. अजमेरजवळ तिलोनिया (1906) आणि अल्मोडा (1908) येथली मिशनऱ्यांनी काढली. धरमपूर (1909) मुंबईच्या पारशी दात्यांमुळे उभे राहिले. त्यानंतर भोवाली, मदनपल्ली अशी भर पडत गेली. महाराष्ट्रात डॉ. विल्यम वानलेस यांच्या मिरजेच्या मिशन रुग्णालयाने वानलेसवाडीचे आरोग्यधाम उभारले. पण रुग्णांच्या मानाने खाटा फारच थोड्या होत्या. ज्यांना जमेल ते कोरड्या हवेचे गाव गाठून तिथे बिऱ्हाड करत, आणि मग ते घर हेच त्यांचे आरोग्यधाम होई.

मराठी माणसाला सर्वांत जवळचे उदाहरण अशाच एका बिऱ्हाडातले आहे. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी 1924 मध्ये जन्मलेले शिवपुत्र कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, लहानपणीच मैफली गाजवू लागले होते. मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांच्या शाळेत त्यांची तालीम झाली. 1947 मध्ये भानुमतींशी विवाह झाला आणि त्याच सुमारास क्षयाचे निदान झाले. जानेवारी 1948 मध्ये दोघे माळव्यातल्या देवासला आली, कारण तिथली हवा कोरडी होती. गायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. पुढची जवळपास पाच वर्षे अशीच गेली. भानुमती स्वतः गायिका होत्या. त्यांनी शाळेत नोकरी करून घर चालवले आणि शुश्रूषाही केली.

गाणे बंद झाले तरी कान उघडे होते. घराबाहेरून लग्नकार्यातली, सणावारांची, ऋतूंची माळवी गाणी ऐकू येत. बायका ती गात आणि त्यांना ऐकणाऱ्याची दखलही नसे. देवासमध्ये शीलनाथांच्या धुनीची नाथपंथी परंपरा आहे. तिच्या आधाराने फिरणारे साधू एकतारीवर कबीराची निर्गुणी भजने म्हणत. कुमारांनी या धुना मनात साठवल्या, पुढे टिपून घेतल्या आणि स्वराला स्वर लावून पाहिल्या. चार-पाच स्वरांतच फिरणारी धूनही आपल्यापुरती पुरी असते, हे त्यांनी हेरले. रागसंगीताचे मूळ अशा धुनांत आहे, अशी त्यांची खात्री पटली. मालवती, संजारी, सहेली तोडी, लगनगंधार, मधसूरजा या त्यांच्या धुनउगम रागांची बीजे या वर्षांत आहेत. ते राग आणि बंदिशी पुढे ‘अनूपरागविलास’ (1965) या ग्रंथात आल्या. निर्गुणी भजने शास्त्रीय गायकाच्या मैफलीत त्यांनी ज्या ताकदीने मांडली, तिचे मूळही तिथेच आहे.

नवे औषध मिळाल्यावर ते बरे झाले आणि 1953 मध्ये पुन्हा मैफलीत बसले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. त्यांच्या गाण्यातल्या छोट्या, झपाट्याच्या स्वरवाक्यांचे कारण म्हणून पुष्कळदा एवढेच सांगितले जाते. तो त्यांच्यावर अन्याय आहे. दम कमी पडला हे खरे, पण स्वर कुठे सोडायचा आणि मधली शांतता किती ठेवायची ही जाण पाच वर्षांच्या ऐकण्यातून आली होती.

1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि 1952 पासून आयसोनायझिड मिळू लागले, तेव्हा विश्रांतीच्या उपचाराचा पायाच निखळला. उरलेले काम मद्रासमधल्या एका चाचणीने केले. 1956 मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरीब घरांतच औषधे दिली गेली. 1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा दोन्हींचे फळ जवळपास सारखे निघाले. त्यानंतर जगभर आरोग्यधामे ओस पडू लागली. काही बंद झाली, काहींची साधी रुग्णालये झाली. मिडहर्स्टचे रुग्णालय 2006 मध्ये बंद पडले. मात्र आरोग्यधामांत रुजलेल्या रीती सर्वसाधारण रुग्णालयांत गेल्या. मद्रासचे निष्कर्ष आले त्याच वर्षी लंडनमध्ये शेरिडन रसेल या रुग्णालयीन समाजसेवकाने ‘पेंटिंग्ज इन हॉस्पिटल्स’ ही संस्था सुरू केली. ती ब्रिटनमधल्या रुग्णालयांना अस्सल चित्रे उसनी देऊ लागली.