दंतधावन : एका नित्यकर्माचा इतिहास

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण दैवाच्या विपरीतपणाबद्दल नेहमी योजतो. परंतु तिच्या उत्तरार्धात एक गृहीत गोष्ट दडलेली आहे, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. चणे पदरी पडेपर्यंत माणूस म्हातारा होतो, आणि म्हातारा झाला म्हणजे त्याचे दात जावयाचेच, असे त्या म्हणीने धरून ठेविले आहे. केस पिकणे, दृष्टी मंदावणे आणि दात पडणे या तिन्ही गोष्टी आपल्या समाजाने एकाच पंक्तीस बसविल्या. यांपैकी पहिल्या दोहोंस मुख्यत्वे वयच कारण आहे. तिसरीचे खरे कारण बहुधा अनेक वर्षांची हयगय हे असते. आश्चर्य हे की, ज्या देशाच्या ग्रंथांनी दंतधावन हे सकाळच्या पहिल्या कर्तव्यांपैकी एक म्हणून सांगितले, त्याच देशात ही हयगय झाली. ती कशी झाली, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिनचर्येचे विवेचन आहे. तेथे तुरट, तिखट किंवा कडू रसाच्या काष्ठाचे टोक चेचून त्याने दात घासावे, असे सांगितले आहे. या विधानातील दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एक, हे कर्म दिवसातून दोन वेळा करावयाचे आहे. आणि दुसरी, ते करताना हिरड्यांस इजा होता कामा नये. करंज, कण्हेर, रुई, अर्जुन, असाणा इत्यादी वृक्षांची नावे चरकाने दिली आहेत. जीभ खरवडण्यासाठी सोने, रुपे, तांबे, कथील अथवा पितळ यांची, धार नसलेली व वाकडी पट्टी त्याने सांगितली आहे. सुश्रुत याहूनही अधिक नेमका आहे. दातवण बारा अंगुळे लांब, करंगळीएवढे जाड, सरळ व गाठी नसलेले असावे. कडू काष्ठांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ समजावा, असा त्याचा अभिप्राय आहे. एकेक दात स्वतंत्रपणे, मऊ कुंच्याने व चूर्णाने घासावा, आणि हिरड्यांस दुखवू नये, हेही तो बजावून सांगतो. आजचा दंतवैद्य रोग्यास याहून फारसे निराळे सांगत नाही.

सुश्रुताने मुखरोगांची संख्या पासष्ट मानिली आहे. त्यांत दातांचे रोग आठ, आणि दातांच्या मुळांचे, म्हणजे हिरड्यांचे, रोग पंधरा. दातांपेक्षा त्यांना धरून ठेवणाऱ्या मांसाचे रोग त्याने जवळजवळ दुप्पट मोजले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. सामान्य मनुष्यास दाताचे दुखणे तेवढे कळते. हिरडीचा रोग न दुखता वाढतो, आणि म्हणूनच अधिक घातक ठरतो. दातांवर साचलेला मळ कठीण होऊन खड्यासारखा बनतो, या विकारास सुश्रुताने शर्करा असे नाव दिले. ती दंतमूळास धक्का न लावता काढून टाकावी, असा उपचार सांगितला. आणि शस्त्रांच्या यादीत दंतशंकु या हत्याराची गणना केली. म्हणजे मळ साचणे, तो घट्ट होणे व त्यापासून दाताचा नाश होणे, ही परंपरा त्याच्या दृष्टीस आली होती.

हे केवळ पोथीतील ज्ञान नव्हते, याला एका परदेशी प्रवाशाची साक्ष आहे. इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू इ. स. ६७१ मध्ये स्वदेशातून निघाला, नालंदा येथे दहा वर्षे राहिला आणि ६९५ साली परतला. ताकाकुसू या जपानी पंडिताने त्याच्या वृत्तांताचे केलेले इंग्रजी भाषांतर १८९६ मध्ये ऑक्सफर्ड येथे छापले गेले. त्यात दातवणासाठी एक स्वतंत्र प्रकरणच आहे. येथील भिक्षू रोज सकाळी दातवण चावून दात घासतात, मग तेच फोडून व वाकवून जीभ खरवडतात. त्याची लांबी बारा अंगुळे असते, आणि या सवयीमुळे या देशात दातदुखी क्वचित आढळते, असे तो लिहितो. शेवटचे विधान किंचित भाबडे असेल. परंतु विहारांतून ही शिस्त खरोखर पाळली जात होती, एवढे त्यावरून निश्चित होते.

मग हा धागा तुटला कोठे? आमच्या मते, आरोग्याचा नियम धर्मविधीत विलीन झाला तेथे. धर्मशास्त्रकारांनी दंतधावनास आन्हिकात स्थान दिले, हे एका दृष्टीने उपकारकच झाले. कारण विधी झाल्याने ते टिकले. परंतु विधीला लागणारे निर्बंधही त्याच्या मागे लागले. प्रतिपदा, षष्ठी, नवमी, अमावास्या, श्राद्धाचा दिवस, उपवासाचा दिवस अशा वेळी काष्ठाने दात घासणे निषिद्ध ठरले; त्याऐवजी बारा चुळा भराव्या, म्हणजे शुद्धी होते, असे सांगण्यात आले. मुख शुद्ध झाले की नाही, हे दातावरून न ठरता तिथीवरून ठरू लागले. चरकाने सांगितलेल्या दोन वेळांपैकी सकाळची वेळ स्नानसंध्येला जोडलेली असल्याने राहिली. दुसरी व्यवहारातून जवळजवळ लुप्त झाली. जे कर्म शरीरासाठी होते ते पावित्र्यासाठी होऊ लागले, आणि पावित्र्याला रात्री निजण्यापूर्वी दात घासण्याची गरज वाटत नाही. हिरड्या न दुखविण्याची सूचना तर कोणाच्या स्मरणातच राहिली नाही.

महाराष्ट्रातील घरोघरच्या चालीकडे पाहिले तर हेच दिसते. गोवऱ्यांची राखुंडी, बदामाच्या टरफलांचा कोळसा, कुटलेले मीठ, बाभळीची काडी ही आपली साधने. यांतील काडी व मीठ ठीक होते. परंतु राख आणि कोळसा हे जाडेभरडे पदार्थ बोटाने जोरात घासल्याने दाताचे वरचे टणक कवच झिजते, आणि बोट दोन दातांच्या फटीत कधीच पोहोचत नाही. याहून अनर्थकारक वस्तू म्हणजे मशेरी. तव्यावर भाजून काळी केलेली ही तंबाखू दात घासण्याच्या निमित्ताने स्त्रियांच्या हाती आली, आणि व्यसन होऊन बसली. आमच्या आजीच्या उशाशी मशेरीची डबी असे. दात हलतात म्हणून ती मशेरी लावी, आणि मशेरी लावूनही दात गेले. जी वस्तू औषध म्हणून घेतली तीच हिरड्यांचा नाश करीत होती व मुखकर्करोगास आमंत्रण देत होती, हे तिला कोणी सांगितले नाही. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास सरकारने बंदी केली ती १९९२ साली. घरी भाजलेल्या मशेरीस मात्र कोणता कायदा लागू होणार?

आता युरोपकडे वळू. तेथे या विषयाची प्रगती वैद्याच्या हातून न होता एका कापडव्यापाऱ्याच्या हातून सुरू झाली. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक याने १७ सप्टेंबर १६८३ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीस एक पत्र लिहिले. हा गृहस्थ रोज सकाळी मिठाने दात घाशी, कोरणीने फटी साफ करी व कापडाने दात पुशी. तरीही दातांमध्ये थोडा पांढरा लगदा राहतो, हे पाहून त्याने तो स्वतः घासलेल्या भिंगाखाली ठेविला, आणि त्यात असंख्य सजीव हालचाल करताना त्याला दिसले. ज्याने जन्मात दात घासले नव्हते अशा एका म्हाताऱ्याच्या तोंडातील मळात तर त्यांची संख्या अपार होती. मनुष्याच्या तोंडात एक जग वस्तीला आहे, हे त्या दिवशी प्रथम कळले.

दातात किडा असतो व तो दात पोखरतो, ही समजूत बाबिलोनपासून भारतापर्यंत सर्वत्र होती. आपली भाषा आजही दात किडला असेच म्हणते, आणि बाजारात दातातील किडे काढून दाखविणारे भोंदू अगदी अलीकडेपर्यंत पोट भरीत असत. पॅरिसच्या पिएर फोशार याने १७२८ मध्ये दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात, सूक्ष्मदर्शकाने शोधूनही आपणांस असा किडा दिसला नाही, असे त्याने स्पष्ट नमूद केले व साखरेस दोषी ठरविले. या दोन शोधांची सांगड घालण्यास आणखी दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. बर्लिन येथे काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९० साली असे दाखविले की, तोंडातील जंतू पिष्टमय व गोड पदार्थ आंबवितात, त्यापासून आम्ल होते, आणि ते दातातील क्षार विरघळविते. म्हणजे कीड आहे, परंतु ती चावत नाही. आपण तिला जेवू घालतो, आणि तिच्या जेवणाचे उच्छिष्ट आपला दात खाते.

हिरड्यांविषयीचा निर्णायक पुरावा मात्र १९६५ सालचा आहे. डेन्मार्कमधील आर्‍हूस येथे लो व त्याचे सहकारी यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांस दात घासणे बंद करावयास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासू लागताच सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. हा प्रयोग साधा, पण त्याचे फळ मोठे. हिरड्यांचा आरंभीचा रोग मळाने होतो व मळ काढल्याने जातो, याविषयी त्यानंतर शंकेस जागा उरली नाही. साखरेविषयीचा मोठा प्रयोग स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४५ पासून झाला. पण त्याचे स्मरण खेदानेच केले पाहिजे. मतिमंद रोग्यांस, त्यांची संमती न घेता, चिकट मिठाई चारून त्यांचे दात किडविण्यात आले. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेपेक्षा मधल्या वेळी वारंवार खाल्लेली चिकट साखर कितीतरी अधिक घातक असते, हे ज्ञान त्या असहाय लोकांच्या वेदनेतून जगाला मिळाले. निदान ते वाया जाऊ न देणे, हे आपले कर्तव्य ठरते.

फ्लोराइडची कथा निराळी आहे. अमेरिकेतील कोलोराडो स्प्रिंग्ज येथे लोकांच्या दातांवर तपकिरी डाग असत, आणि तरीही ते दात किडत मात्र कमी. त्याचे कारण पाण्यातील फ्लोराइड आहे, हे १९३१ मध्ये उघड झाले; आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स या शहराच्या पाण्यात ते अल्प प्रमाणात घालण्यास आरंभ झाला. परंतु हेच द्रव्य अधिक झाले तर विष ठरते. आंध्रातील नेल्लोर भागात त्यामुळे हाडे ताठ व विद्रूप होतात, हे १९३७ मध्ये दिसून आले. आपल्याकडे यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या विहिरींतही हे संकट आहे. सबब दंतमंजनातील फ्लोराइड उपकारक, पण ते गिळावयाचे नसते, हे मुलांस शिकविलेच पाहिजे.

आपल्या देशात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास काढले. त्याच्या खर्चासाठी त्यांनी सोडावॉटर व शीतपेयांचे दुकान चालविले होते, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. गोड पेयांच्या पैशांवर दातांची विद्या उभी राहिली! दंतवैद्यांचा कायदा १९४८ मध्ये झाला. आज मोठ्या शहरांत दंतवैद्यांची वाण नाही. परंतु आपण त्यांच्याकडे जातो ते दाढ ठणकू लागल्यावर, म्हणजे बहुधा फार उशिरा.

या सर्व इतिहासाचे तात्पर्य सुशिक्षित कुटुंबांनी आचरणात आणावे, म्हणून ते थोडक्यात सांगतो. रात्रीचे दंतधावन सकाळच्याहून अधिक महत्त्वाचे आहे, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि मळाला रात्रभर मोकळीक मिळते. कुंचला मऊ असावा, हात हलका असावा आणि दोन मिनिटे तरी द्यावी. दातांच्या फटी दोऱ्याने किंवा बारीक कुंचल्याने साफ कराव्या. हिरडीतून रक्त आले तर अनेक जण भिऊन तेथे घासणे सोडतात. वस्तुतः ते रक्त तेथे मळ साचल्याची सूचना असते, आणि तेथेच अधिक हळुवारपणे स्वच्छता करावयाची असते. मधुमेह्यांनी तर हिरड्यांची उपेक्षा कधीच करू नये. त्या रोगाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांनी तो रोग बळावतो. मुलांचा खाऊ बंद करण्याची गरज नाही. तो जेवणाबरोबर द्यावा, दिवसभर चघळावयास देऊ नये.

यांपैकी बऱ्याच गोष्टींचे बीज बारा अंगुळांच्या दातवणात होते. आपण काडी ठेवली, कारण विसरलो. नंतर काडीही टाकली आणि कुंचला घेतला, तरी कारण अजून पुरते आठवलेले नाही. ते आठवले, तर पुढच्या पिढीतील म्हाताऱ्यांस निदान चणे आणि दात दोन्ही एकाच वेळी लाभतील.