मराठी हौशी लेखकांची संकेतस्थळे आणि त्यांची साधने

मराठीत स्वतःचे संकेतस्थळ काढणाऱ्या हौशी लेखकाची पहिली अडचण मजकुराची नव्हती, अक्षरांची होती. किल्ल्यांवर लिहिणाऱ्यांचे उदाहरण यासाठी बोलके आहे. जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव घेतले, तर लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. निंबाळकरांनी 1743 साली बांधलेला भुईकोट आहे. 11 मार्च 1795 रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई इथेच झाली आणि निजामाला याच कोटाचा आसरा घ्यावा लागला. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या नेतृत्वाखाली शिंदे, होळकर, भोसले पेशव्यांच्या निशाणाखाली एकत्र आले, ती ही शेवटची मोठी मोहीम. पण 1995च्या सुमारास हे सारे पडद्यावर देवनागरीत उमटवणे सोपे नव्हते.

त्या काळी छपाईसाठी पुण्यातील संस्थांची चांगली साधने होती. सी-डॅकची जिस्ट प्रणाली आणि मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी यांवर मराठी छापखाने चालत. मात्र प्रत्येक फॉन्टने अक्षरांच्या जागा आपापल्या सोयीने ठरवल्या होत्या. लेखकाने एका फॉन्टमध्ये लिहिलेले पान वाचकाकडे तोच फॉन्ट नसला, तर रोमन अक्षरांच्या कचऱ्यासारखे दिसे. ‘खर्डा’ हा शब्द अशा फॉन्टमध्ये दिसेल तसा भरत : आधी ख, मग ड, काना आणि शेवटी वरचा रफार. संगणकाच्या लेखी तो शब्द नव्हताच, चिन्हांची मांडणी होती. त्यामुळे शोधयंत्रालाही तो सापडत नसे. वृत्तपत्रांनी पानासोबत फॉन्टही पाठवणारे ‘डायनॅमिक फॉन्ट’ वापरून वाट काढली. हौशी लेखकांनी मजकुराचे चित्र करून चढवले किंवा सरळ रोमन लिपीत मराठी लिहिली. 1996 साली सुरू झालेल्या ‘मायबोली’ या संकेतस्थळावर सुरुवातीला अशी रोमन मराठी सर्रास दिसे.

उत्तर तयार होते, पण घरोघरी पोहोचायला वेळ लागला. वेगवेगळ्या लिपींच्या अक्षरांना सामायिक संकेतांक देणाऱ्या 1991च्या युनिकोड प्रमाणात देवनागरी होती आणि तिचा आराखडा भारतीय ‘इस्की’ प्रमाणावर आधारलेला होता. विंडोज 2000सोबत ‘मंगल’ फॉन्ट आला. विंडोज एक्सपीवर मात्र गुंतागुंतीच्या लिपींची सोय वेगळी चालू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी शोधावी लागे. कित्येकांचा मराठी लेखनाचा उत्साह तिथेच मावळला असणार. युनिकोडमध्ये ‘खर्डा’ उच्चाराच्या क्रमाने साठतो : ख, र, हलन्त, ड, काना. रफार कुठे बसवायचा ते फॉन्ट ठरवतो. लिपी दाखवण्याचे काम आणि भाषा साठवण्याचे काम वेगळे झाले, ही या इतिहासातली सर्वांत मोलाची घटना.

टंकनाची अडचण त्यानंतरही उरली. 1986 सालचा इनस्क्रिप्ट कळफलक शास्त्रशुद्ध होता, पण तो शिकायला सवड कोणाला? ‘बरहा’ आणि ‘गमभन’ यांनी रोमन कळांनी उच्चाराप्रमाणे टंकायची सोय दिली. ‘मनोगत’ या संकेतस्थळाने लिहिण्याच्या खिडकीतच देवनागरी आणली आणि जोडीला शुद्धलेखन चिकित्सक दिला. दुर्गलेखकांना बारीक फरक महत्त्वाचे असतात : डोंगरातल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ यांत घोटाळा चालत नाही. पहिल्यातील अर्धचंद्री ‘र’साठी युनिकोडने ऱ हे वेगळे अक्षर दिले आहे. साधन ते नीट उमटवते की नाही, हे पाहूनच जाणकार ते निवडत.

लिहिलेले ठेवायचे कुठे, हा प्रश्न वेगळा. फुकट जागा देणारे जिओसिटीज 2009 साली बंद झाले आणि जगभरातली असंख्य हौशी पाने नाहीशी झाली. काहींच्या प्रती स्वयंसेवकांनी आणि इंटरनेट आर्काइव्हने वाचवल्या. मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी सुरू झाला. त्याचा मजकूर खुल्या परवान्याखाली असल्याने तो एका मालकाच्या मर्जीवर अवलंबून नाही. हौशी लेखकाने स्वतःचे पान काढावेच, पण त्याची प्रत अशा खुल्या जागीही ठेवावी, हे शहाणपणाचे.

शोधाच्या बाबतीत मराठीची अडचण अजून संपलेली नाही. ‘खर्डा’ शोधणाऱ्याला ‘खर्ड्याची लढाई’ मिळेलच असे नाही, कारण विभक्ती लागताच शब्दाचे रूप बदलते. जुन्या कागदांत आणि पुस्तकांत ‘खरडा’ असेही लिहिलेले आढळते. म्हणून काळजीपूर्वक लिहिणारे पानाच्या सुरुवातीलाच सगळी रूपे देतात.

इतिहासाच्या मूळ कागदांपर्यंत जायचे तर मोडी लिपी लागते. पेशवाईचा पत्रव्यवहार मोडीत आहे. जून 2014च्या युनिकोड 7.0मध्ये या लिपीला जागा मिळाली आणि पुढे मुक्त फॉन्टही आले. त्यामुळे मोडी शिकवणारी पाने खऱ्या मोडी अक्षरांत लिहिता येतात. हस्तलिखित दप्तर वाचणे मात्र निराळे काम आहे. लेखणी न उचलता, शब्दांत अंतर न सोडता लिहिलेल्या ओळींत शब्द कुठे तुटतो, हे ठरवायला सरावलेला वाचकच लागतो.