बैअत

निष्ठेची शपथ. अरबी ‘बै’ म्हणजे विक्री; हातावर हात मारून सौदा पक्का करण्याच्या रिवाजावरून हा शब्द आला. मराठीतला ‘बयाणा’ याच कुळातला.

मदिनावासीयांनी मक्केजवळ अकबा येथे ६२१ व ६२२ मध्ये प्रेषित मुहंमदांना बैअत दिली. दुसऱ्या वेळी त्यांच्या रक्षणाचे वचनही दिले. त्यानंतरच हिजरत, म्हणजे मदिनेला स्थलांतर, घडली. ६२८ मध्ये हुदैबिया येथे सुमारे १४०० अनुयायांनी झाडाखाली हातात हात देऊन शपथ घेतली. स्त्रियांची बैअत मात्र केवळ तोंडी असे. ६३२ मध्ये अबू बक्र यांची खिलाफत बैअतीनेच ठरली. पुढे खलीफा यझीदला ती देण्यास प्रेषितांचे नातू हुसेन यांनी नकार दिला आणि ६८० मध्ये करबलाची लढाई घडली. पुण्यातले मोहरमचे ताबूत त्याच नकाराची आठवण.

पुढे सूफींनी हा विधी मुर्शिद-मुरीद (गुरू-शिष्य) नात्यासाठी स्वीकारला. पुणे कॅम्पातही वस्ती असलेल्या दाऊदी बोहऱ्यांत वयात येताना ‘मिसाक’ ही निष्ठेची शपथ घेतात. दरवर्षी जिल्हज महिन्याच्या १८ तारखेला ती सामूहिक रीतीने पुन्हा घेतली जाते. तिच्यातील धर्मगुरूंवरील संपूर्ण निष्ठेच्या कलमांवर असगर अली इंजिनिअर यांच्यासारख्या सुधारकांनी कडाडून टीका केली.